पाच बाटल्यांतली एक

वऱ्हाडातला मे महिना ज्याने अंगावर घेतला नाही, त्याला थंड पाण्याची किंमत सांगून कळायची नाही. आमच्या खामगावात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावलीसावलीने चालतात आणि कूलरच्या घरघरीत अख्खे गाव डोळे मिटून पडून राहते. माझ्या लहानपणी बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून आलेली लादी. ती लग्नाच्या मांडवात आली, की आम्ही पोट्टे तिच्याभोवती कोंडाळे करून उभे राहायचो. फ्रीज होता तो एखाद्या डॉक्टरकडे, एखाद्या जिनिंगवाल्या शेठकडे. तो पाहायला मिळावा म्हणून आम्ही काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी जात असू.

१९७९ साली दहावी झालो आणि पुढे शिकायची ऐपत नव्हती म्हणून एका फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात हेल्पर लागलो. पुढची पंचवीस वर्षे तांब्याच्या नळ्या वाकवण्यात, ब्रेझिंग करण्यात आणि गॅस भरण्यात गेली. गॅस म्हणजे आर-ट्वेल्व्ह. वास नाही, रंग नाही, पेटत नाही, हाताला लागला तर तेवढी जागा बधिर होते. गळती शोधायला आमच्याकडे एक छोटा दिवा असे. त्याची निळी ज्योत नळीच्या सांध्याजवळ हिरवी झाली, की समजायचे गॅस इथून जातो आहे. ती हिरवी ज्योत मी हजारदा पाहिली. पण हा गॅस कुणी शोधला, का शोधला, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. सिलिंडर सुरतेकडून येतो, एवढे भूगोलाचे ज्ञान पुरेसे होते.

२००४ नंतर देशभर आमच्यासारख्या मेकॅनिकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरवले गेले. जुना गॅस बंद होणार, नवा कसा भरायचा, जुना हवेत न सोडता कसा काढून घ्यायचा, असा विषय. अशाच एका वर्गात मी थॉमस मिजली हे नाव पहिल्यांदा ऐकले. शिकवणाऱ्याने ते एका वाक्यात उरकले: याने गॅस काढला आणि यानेच ओझोनला भोक पाडले. मला ते वाक्य टोचले. कारण भोक पाडणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून मिळेल तिथून या माणसाविषयी वाचत आलो. आज जे लिहितो आहे ते त्या वाचनातून आणि थोडे हातातल्या कामातून.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावचा. बापही संशोधक वृत्तीचा, मोटारीच्या टायरवर काम करणारा. मुलगा कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली इंजिनियर झाला, तोही मेकॅनिकल. ज्याच्या नावावर रसायनशास्त्रातले दोन मोठे शोध लागले, त्याच्याकडे रसायनशास्त्राची पदवी नव्हती. १९१६ मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत आला. केटरिंग म्हणजे मोटार बटणावर चालू करणाऱ्या सेल्फ स्टार्टरचे जनक. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सच्या पोटात गेली आणि मिजली तिच्याबरोबर गेला.

त्याला पहिले काम मिळाले ते इंजिनाच्या ठोक्याचे. पेट्रोल अवेळी पेटले, की सिलिंडरमध्ये ठकठक आवाज होतो आणि इंजिनाची ताकद वाया जाते. केटरिंग आणि मिजली यांचा तर्क असा, की पेट्रोल लाल रंगवले तर ते उष्णता लवकर शोषेल आणि ठोका थांबेल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन टाकले. ठोका कमी झाला! मग खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक पडेना. तर्क साफ चुकीचा होता, पण चुकीच्या तर्काने योग्य दार उघडले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण या माणसाच्या आयुष्यात असे पुन्हा होणार आहे.

त्यानंतर पाच वर्षे तो एकेक पदार्थ पेट्रोलमध्ये टाकून पाहत राहिला. टेल्युरियमच्या संयुगाने ठोका थांबे, पण कपड्यांना आणि अंगाला लसणीसारखा असा वास बसे, की जवळ कुणी उभे राहीना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडले. म्हणजे शिसे. पेट्रोलमध्ये अगदी चिमूटभर पुरे. १९२३ मध्ये ते एथिल या नावाने विक्रीस आले. नावात शिसे हा शब्द येणार नाही याची काळजी घेतलेली होती.

इथे मला थांबावे लागते. शिसे विष आहे हे १९२१ साली कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. रोमन काळापासून ठाऊक होते. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली आणि विश्रांतीसाठी त्याला फ्लोरिडात जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात कामगार भ्रमिष्ट झाले, त्यांना बांधून ठेवावे लागले, पाच जण दगावले. इतर कारखान्यांतही मृत्यू झाले होते. आणि ३० ऑक्टोबर १९२४ रोजी याच मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले, त्याची वाफ मिनिटभर हुंगली आणि रोज असे केले तरी काही बिघडत नाही असे सांगितले. ज्याला स्वतःला बाधा झाली होती, त्याने हे करावे! याला मी अज्ञान म्हणत नाही. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ साली. मधल्या काळात किती मुलांच्या रक्तात ते उतरले असेल, याचा हिशेब मी करू शकत नाही.

दुसरी गोष्ट मात्र मी निराळी मानतो. ती फ्रीजची.

त्या काळच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड हे वायू असत. तिन्ही विषारी, दोन पेटणारेही. नळी फुटली तर झोपेत कुटुंबच्या कुटुंब संपत असे. बर्लिनमधल्या अशाच एका मृत्यूची बातमी वाचून आइनस्टाइन आणि त्यांचे तरुण सहकारी झिलार्ड यांनी हलते भाग नसलेला, म्हणून न गळणारा फ्रीज तयार करायला घेतला होता, त्याची पेटंटेही मिळवली होती. सापेक्षतावादाचा जनक फ्रीज दुरुस्त करायला बसला, हे वाचून आम्हा मेकॅनिकांची छाती उगाच फुगते. असो.

फ्रीज विकणारी फ्रिजिडेअर ही जनरल मोटर्सचीच शाखा. १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजलीला सांगितले, की विषारी नसलेला, न पेटणारा आणि योग्य तापमानाला उकळणारा वायू शोध. मिजलीने आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी या दोन सहकाऱ्यांना घेतले आणि ते पुस्तके घेऊन बसले. एका मान्यवर संदर्भग्रंथात कार्बन टेट्राफ्लोराइडचा उत्कलनबिंदू उणे १५ अंश छापलेला होता. तो चुकीचा होता. खरा आकडा उणे १२८ च्या आसपास आहे. पण त्या चुकीच्या आकड्यानेच त्यांचे लक्ष फ्लोरीनकडे गेले. मग मिजलीने मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर धरली आणि पाहिले, की वायुरूप संयुगे देणारी मूलद्रव्ये मोजकीच आहेत, सारणीत उजवीकडे जावे तसा पेटण्याचा गुण कमी होतो, वर जावे तसा विषारीपणा उतरतो. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे फ्लोरीन बसलेला होता.

फ्लोरीनचे नाव काढताच त्या काळचा कुणीही रसायनतज्ज्ञ दचकला असता. या मूलद्रव्याने त्याला मोकळे करू पाहणाऱ्या कित्येकांना जायबंदी केले, काहींचे प्राण घेतले. फ्रान्सच्या आंरी मॉयसाँ यांनी जून १८८६ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला आणि त्यासाठी १९०६ चे नोबेल मिळवले. पण मोकळा फ्लोरीन वायू सेंद्रिय पदार्थावर सोडला तर पदार्थ जळतो किंवा स्फोट होतो. नेमका एक क्लोरीन काढून तिथे एक फ्लोरीन बसव, असे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी मधला माणूस लागतो.

हा मधला माणूस शोधला बेल्जियमच्या फ्रेडरिक स्वार्ट्स यांनी, १८९० च्या दशकात, गेंट शहरात. त्याचे नाव अँटिमनी ट्रायफ्लोराइड. कापसाच्या बाजारात अडत्या असतो ना, तसेच याचे काम. शेतकरी आणि खरेदीदार यांची थेट गाठ पडली तर भांडण व्हायचे. अडत्या मालाची अदलाबदल शांतपणे करून देतो. अँटिमनी आपल्याजवळचा फ्लोरीन कार्बनला देतो आणि कार्बनजवळचा क्लोरीन स्वतःकडे घेतो. जोडीला पंचसंयुजी अँटिमनीचा थोडा अंश असला, की व्यवहार लवकर उरकतो. स्वार्ट्स यांनी आयुष्यभर अशी संयुगे तयार केली, त्यांचे गुणधर्म मोजून लिहून ठेवले आणि १९४० मध्ये ते वारले. त्यांच्या संयुगांचा व्यवहारात काही उपयोग होईल असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नव्हते. आज फ्लोरीन बसवलेल्या औषधांशिवाय दवाखाना चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे त्यातले आपल्या घराघरांत पोचलेले नाव. फ्लोरीनचे गट अलगद बसवणारी नवनवी अभिकारके पुढे निघत गेली. त्यांतल्या एका फार वापरल्या जाणाऱ्या अभिकारकाशी मूळचे बेंगळुरूचे सूर्यप्रकाश यांचे नाव जोडलेले आहे. पण वंशावळ शोधत मागे गेले, की गेंटमधल्या त्या शांत प्राध्यापकापाशी पोचावे लागते.

मिजलीच्या गटाने ठरवले, की कार्बन टेट्राक्लोराइडमधले दोन क्लोरीन काढून दोन फ्लोरीन बसवायचे. पद्धत स्वार्ट्स यांची. अँटिमनी ट्रायफ्लोराइड मागवले तर देशभरातून एकेका औंसाच्या पाच बाटल्या मिळाल्या. त्यांतली एक सहज उचलली, थोडासा वायू तयार केला आणि काचेच्या हंडीखाली एका गिनीपिगजवळ सोडला. पाहायला आलेल्या डॉक्टरला खात्री होती, की प्राणी मरणार. गिनीपिगला काहीच झाले नाही.

मग दुसरी बाटली उघडली, पुन्हा वायू केला, पुन्हा गिनीपिग ठेवला. तो मेला.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. त्यांनी वायू हुंगून पाहिला आणि त्यात फॉस्जीनचा वास आला. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला विषारी वायू. तपासाअंती कळले, की पाच बाटल्यांपैकी एकच चांगली होती. उरलेल्या चारांत पाण्याचा अंश धरून ठेवणारा दुहेरी क्षार मिसळलेला होता. त्या पाण्याने फॉस्जीन तयार होत होता. साध्या कॉस्टिकच्या द्रावणातून वायू धुऊन घेतला, की तो निघून जातो. औषध इतके सोपे. पण पहिल्यांदा हातात आलेली बाटली त्या चारांपैकी असती तर? पहिलाच गिनीपिग मेला असता, डॉक्टरचे म्हणणे खरे ठरले असते आणि फ्लोरीन विषारीच असतो असे म्हणून फाइल बंद झाली असती. तसे झाले असते तर आम्ही शोध सोडून दिला असता, असे मिजलीनेही पुढे मानले.

पाण्याचा थेंब काय करतो हे आम्हा मेकॅनिकांना वेगळे सांगायला नको. नळीत ओलावा राहिला तर केसाएवढ्या कॅपिलरीच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि फ्रीज चोक होतो. म्हणून गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम काढायचा आणि ड्रायर नवा टाकायचा, हे मला पहिल्या महिन्यात थपडा खाऊन शिकवले गेले. फॉस्जीनशीही आमची ओळख आहे, नाव माहीत नव्हते इतकेच. नळीत गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगची ज्योत लावली, की घसा धरणारा, डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघे. उस्ताद ओरडत, बाहेर पळा. आम्ही पळत असू आणि हसत परत येत असू. कशापासून पळत होतो ते पंचवीस वर्षांनी कळले.

तर १९३० च्या एप्रिलमध्ये अटलांटा येथे रसायनतज्ज्ञांच्या मेळाव्यात मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि हळूहळू मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली उभाच होता. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध: विष नाही आणि पेटत नाही. तमाशा त्याला आवडे हे खरे, पण या खेपेला तो खोटे बोलत नव्हता. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्यू पाँट यांनी मिळून कंपनी काढली. फ्रिऑन हे नाव घरोघरी गेले. कारखान्यात अँटिमनी पुन्हापुन्हा वापरता येई, कारण हायड्रोजन फ्लोराइड त्याला रिकाम्या हाताने परत जाऊ देत नसे. बाजारातल्या अडत्यासारखे कमिशन मात्र तो कापत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या डास मारणाऱ्या फवाऱ्यात हाच वायू, नंतर दम्याच्या पंपात त्याचीच भावंडे. भारतात नवीन फ्लोरीन ही कंपनी १९६७ मध्ये स्थापन झाली आणि सुरतेजवळच्या भेस्तानहून मॅफ्रॉन नावाने हा गॅस येऊ लागला. माझ्या खांद्यावरचा सिलिंडर तोच.

या वायूचा गुण एकच: तो कशानेही मोडत नाही. आणि दोषही तोच निघाला. जमिनीवर मोडत नाही म्हणून तो वर वर जात राहतो. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर सूर्याचे अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरीनचा अणू सुटा होतो आणि एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू खातो. हे रोलंड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा खड्डा दाखवला. सप्टेंबर १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला आणि २००८ मध्ये आपल्याकडे या वायूचे उत्पादन जवळपास थांबले. १९३० साली त्या उंचीवर काय घडेल हे मिजलीला ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता. हवेतला हा वायू मोजणारे यंत्रही तेव्हा नव्हते. त्याने गिनीपिगच्या फुप्फुसांकडे पाहिले, जे त्याला पाहता येण्यासारखे होते. म्हणून शिसे आणि फ्रिऑन ही दोन्ही पापे एकाच ओळीत लिहिणाऱ्यांशी माझे जमत नाही. एक त्याने जाणून दडपले. दुसरे त्याला दिसण्यासारखेच नव्हते.

माझे काय? १९७४ चा शोध माझ्या हेल्परकीच्या आधीचा आहे. मॉन्ट्रियलचा करार झाला तेव्हा माझे स्वतःचे दुकान होते. नव्वदीच्या दशकात वर्तमानपत्रांत ओझोनची चित्रे येत, मी ती पाहत असे आणि दुपारी नळी कापून उरलेला गॅस फुस्स करून सोडून देत असे. एकदा वही घेऊन हिशेब केला. वीस वर्षे, आठवड्याला सरासरी दोन फ्रीज, म्हणजे दोन हजार. घरगुती फ्रीजमध्ये साधारण ११० ग्रॅम. सगळे मिळून २२० किलो. कापसाची एक गाठ १७० किलोची असते. म्हणजे सव्वा गाठीहून जास्त गॅस मी एकट्याने खामगावच्या आकाशात सोडला आणि हा वायू हवेत शंभरेक वर्षे टिकतो. बराचसा अजून वरच आहे.

मिजलीला त्याच्या हयातीत फक्त मानसन्मान मिळाले. १९४१ मध्ये प्रिस्टले पदक, १९४४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. पण १९४० मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. इंजिनियरच तो, स्वतःला बिछान्यातून उचलण्यासाठी त्याने दोर आणि कप्प्यांची एक योजना केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतल्या वर्दिंग्टन येथील घरी त्याच दोरांत अडकून गळा आवळलेल्या स्थितीत तो मृत सापडला. लोकांना अपघात म्हणून सांगितले गेले. मृत्यूच्या दाखल्यावर आत्महत्या अशी नोंद आहे. तो पंचावन्न वर्षांचा होता. साल्क यांची पोलिओची लस आली ती १९५५ मध्ये.

डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पहिला पल्स पोलिओ झाला. आदल्या रात्री दहाच्या सुमारास तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राची जीप माझ्या दारात आली. लसीचा फ्रीज बंद पडला होता. थंडी कडाक्याची, रस्ता खड्ड्यांचा, गाडीत मागे मी आणि सिलिंडर. सांध्याशी दिवा धरला तर ज्योत हिरवी झाली. नळी कापली, उरलेला गॅस खिडकीतून बाहेर सोडला, सांधा ब्रेझिंग केला, व्हॅक्यूम काढला, नवा गॅस भरला. सिस्टरबाई बर्फाच्या डब्यातल्या लसीवर हात ठेवून स्टुलावर बसून होत्या. पहाटे साडेचारला थर्मामीटर आठच्या खाली उतरला, मग सहा, मग पाच. त्यांनी डबा आत ठेवला आणि चहा टाकला. सात वाजता बायका पोरांना कडेवर घेऊन यायला लागल्या तेव्हा मी जीपमध्ये झोपलेला होतो.